पुच्छप्रमुख

सायकल मंडळाच्या पावसाळी सामूहिक सफरीला अठ्ठेचाळीस सभासदांनी लेखी होकार दिला, आणि त्यानंतर त्यांतले सत्तेचाळीस जण ती सफर होऊ नये म्हणून मनापासून कामाला लागले. उरलेले एक म्हणजे घड्याळजी. त्यांना खरोखरच जायचं होतं. मंडळाच्या इतिहासात अशी अडचण प्रथमच उद्भवली होती.

घड्याळजींचं दुकान बाजारपेठेत, एका जिन्याखाली होतं. आत एक माणूस आणि भिंतीवरची तीसेक घड्याळं मावायची, गिऱ्हाईक बाहेर उभं राहायचं. बावीस वर्षं ते एकाच काळ्या सायकलवरून दुकानात जात होते. त्या बावीस वर्षांनी त्यांचा उजवा गुडघा खाल्ला होता. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारची तारीख दिली. ऑपरेशननंतर सपाटीवर सायकल चालेल, चढ मात्र कायमचा विसरायचा, असं त्यांनी सांगितलं. गावाबाहेर नऊ किलोमीटरचा घाट होता, घाटावर तळं होतं, आणि भर पावसात त्या तळ्याचं पाणी बांधावरून खाली सांडायचं. ते एकदा सायकलने वर जाऊन बघायचं, हे बावीस वर्षं घड्याळजींच्या मनात होतं. आता हातात चार रविवार उरले होते.

त्यांनी बायकोला सांगितलं. ती शिवणकाम करायची. मशीन न थांबवता ती म्हणाली, “एकट्याने जायचं नाही. गुडघा वाटेत बसला तर कोण बघणार? गट असेल तर जा.”

घड्याळजींनी दुसऱ्याच दिवशी सायकल मंडळाचा अर्ज भरला.

मंडळ मोठं शिस्तीचं होतं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. सचिव एका कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्या कचेरीत अर्ज आत जाताना लोकांनी पाहिले होते, बाहेर येताना कोणी पाहिले नव्हते. मंडळाचा नियम क्रमांक एक असा: ‘कोणाही सभासदास मागे सोडले जाणार नाही.’ त्याचं पोटकलम असं: ‘गटाचा वेग हा सर्वांत मागील सभासदाचा वेग राहील.’ नियम क्रमांक एक सर्व सभासदांच्या जर्सीवर पाठीमागे ठळक अक्षरांत छापला होता, त्यामुळे तो वाचायला मिळायचा फक्त मागे राहिलेल्यांना.

पावसाळी सफरीच्या नियोजनाची बैठक अध्यक्षांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत झाली. पहिला प्रश्न सचिवांनीच काढला. सफर पावसाळी असल्यामुळे तिला पाऊस हवा. पण पाऊस पडत असताना सायकल चालवणं सुरक्षिततेच्या धोरणात बसत नाही. यावर अडीच तास चर्चा झाली. शेवटी ‘पाऊस असावा, परंतु तो पडत नसावा’ असा ठराव एकमताने संमत झाला. घड्याळजींनी हात वर केला होता, पण तो अनुमोदन समजून मोजला गेला.

पहिल्या रविवारी पाऊस पडला. सफर सुरक्षिततेच्या कारणास्तव पुढे ढकलली. दुसऱ्या रविवारी लख्ख ऊन पडलं. सायकल चालवायला इतका सुरेख दिवस वर्षात दोन-तीनदाच येतो, पण अशा हवेत काढलेली सफर पावसाळी म्हणता येणार नाही आणि वार्षिक अहवालात ती कोणत्या रकान्यात दाखवायची हा पेच पडेल, म्हणून तीही पुढे गेली. तिसऱ्या रविवारी आभाळ भरून आलं होतं आणि पडत मात्र नव्हतं, म्हणजे ठरावात होतं तसंच्या तसं. त्या दिवशी सत्तेचाळीस सभासदांची पंचाईत झाली. पहाटेच सचिवांनी कळवलं की हवामान अपेक्षेनुसार असल्याची खात्री करणारी उपसमिती अद्याप नेमलेली नाही.

आता एकच रविवार राहिला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. घड्याळजी अध्यक्षांना भेटायला दवाखान्यात गेले. अध्यक्षांना रिकामा माणूस पाहवत नसे. त्यांनी घड्याळजींना खुर्चीत बसवलं, आडवं केलं, आणि तोंड उघडायला सांगून मग काय काम काढलंत म्हणून विचारलं. तोंडात आरसा असताना घड्याळजींनी गुडघा, घाट, तळं आणि बायकोची अट, सगळं सांगितलं. अध्यक्षांना त्यातलं किती कळलं, सांगता येत नाही. पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसलं, आणि त्यांनी अजून हत्यार हातात घेतलेलं नव्हतं.

“तुमची तळमळ पोचली,” अध्यक्ष म्हणाले. “कोणी मागे राहू नये असं तुम्हाला वाटतं. मंडळाला असाच माणूस हवा होता.”

संध्याकाळी सचिवांचं पत्र आलं, तीन प्रतींत. घड्याळजींची ‘पुच्छप्रमुख’ या पदावर नियुक्ती झाली होती. पुच्छप्रमुखाने संपूर्ण सफरीत सर्वांच्या मागे राहायचं होतं. कोणताही सभासद कोणत्याही परिस्थितीत पुच्छप्रमुखाच्या मागे आढळल्यास ती कर्तव्यातील कसूर समजली जाणार होती. सोबत मंडळाच्या पटावरच्या सगळ्या एकोणपन्नास नावांची पत्त्यांसह यादी होती आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. घड्याळजींनी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “चला, निदान पद तरी मिळालं.” तिच्या बोलण्यात काही खोच आहे का, हे घड्याळजींनी शोधलं नाही. ते चेनला तेल घालत होते.

चौथ्या रविवारी सकाळी सहाला बागेच्या फाटकाशी रीतसर पाऊस पडत होता. आता सफर पुढे ढकलता येत नव्हती, कारण पुढचा महिना वेगळ्या आर्थिक तिमाहीत जात होता आणि सचिवांच्या मते तिमाही ओलांडणारा पाऊस हा नवा पाऊस धरावा लागतो. फाटकाशी घड्याळजींखेरीज, सचिव धरून, सात जण आले होते. ते सगळे जवळपास राहणारे होते आणि त्यांच्या खिडक्या फाटकावरून दिसत असल्यामुळे त्यांचा नाइलाज झाला होता. उरलेल्या चाळीस जणांचे फोनवर निरोप आले. सगळ्यांचा मजकूर एकच होता: ‘तुम्ही व्हा पुढे. मी मागून येतो.’ चाळिसावा निरोप अध्यक्षांचा होता. त्याखाली त्यांचं पदही लिहिलेलं होतं.

सचिवांनी छत्रीखाली उभं राहून निरोप मोजले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. चाळीस सभासद मागून येत होते, म्हणजे ते मागे होते. नियम क्रमांक एकनुसार त्यांना मागे सोडून निघता येत नव्हतं. शिवाय पोटकलमानुसार गटाचा वेग सर्वांत मागच्या सभासदाइतका ठेवणं बंधनकारक होतं, आणि सर्वांत मागचे सभासद या घटकेला पांघरुणात होते.

“म्हणजे आपण काय करायचं?” घड्याळजींनी विचारलं.

“आम्ही सातजण त्याच वेगाने जात आहोत,” सचिव जागच्या जागी उभे राहून म्हणाले. “सफर सुरू झालेली आहे. प्रश्न तुमचा आहे. तुम्ही पुच्छप्रमुख. चाळीस माणसं तुमच्या मागे आहेत आणि तुम्ही इथे पुढे येऊन उभे आहात.”

घड्याळजींनी यादी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी खिशात घातली, आणि सभासदांच्या मागे जाण्यासाठी सभासदांच्या घरी निघाले.

पहिलं घर विमावाल्याचं होतं. त्याने दार अर्धवट उघडलं आणि जांभई देत म्हणाला की तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. घड्याळजींनी सांगितलं की त्यांना पुढे होता येत नाही, तसा आदेश आहे. विमावाल्याला यात काहीतरी फसवणूक वाटली, कारण त्याच्या दारात येऊन कलमं सांगणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता; हे काम तो स्वतः करायचा. दोघं पाच मिनिटं एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करत उभे राहिले. शेवटी विमावाला म्हणाला, “घड्याळजी, मी शब्द देतो, मी पुढे गेलो असं समजा. लिहा तसं.” घड्याळजींनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘पुढे गेले आहेत (झोपण्यास).’

मग हा रिवाजच पडला. वकीलबाईंच्या दाराशी त्यांच्या सायकलला कपडे वाळत घातले होते. त्या म्हणाल्या की कपडे वाळले की निघते, आणि पाऊस थांबेपर्यंत कपडे वाळणार नाहीत हे कायद्यालाही मान्य आहे. औषधवाल्याची सायकल सहा हजार मैल चालण्याच्या हमीची होती, पण ती दिवाणखान्यात गालिच्यावर उभी होती आणि तिला चिखल लागला तर हमी जाते, असं तो म्हणाला. अध्यक्षांच्या घरी त्यांच्या आईने दार उघडलं. “तो सायकलवर गेलाय ना तुमच्याबरोबर,” त्या म्हणाल्या, आणि आतून घोरणं ऐकू आलं तेव्हा दार हलकेच लोटून घेत्या झाल्या. सगळे घड्याळजींशी अगदी प्रेमाने बोलले. पावसात निघाल्याबद्दल बहुतेकांनी त्यांचं कौतुक केलं, काहींनी तर फोटो काढून मंडळाच्या गटावर टाकला आणि खाली ‘आमची सफर’ असं लिहिलं.

सव्वानऊपर्यंत घड्याळजींनी सगळं गाव पालथं घातलं होतं. गुडघा ठणकत होता आणि मनात राग साचला होता. तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण एकानेही नाही म्हटलं नव्हतं. यादीत एकच नाव उरलं होतं, ज्याचा होकारही आला नव्हता आणि निरोपही. निवृत्त ग्रंथपाल. पत्ता वाचून घड्याळजींनी सायकल थांबवली आणि पत्ता पुन्हा वाचला. ग्रंथपाल घाटावर, तळ्याच्या काठी राहत होते.

आता बघा, घाटावर एकट्याने जायचं नाही अशी बायकोची अट होती, आणि घड्याळजी शब्दाचे पक्के होते. पण ते एकटे नव्हतेच. ते अठ्ठेचाळीस जणांच्या अधिकृत सफरीचं शेपूट होते, आणि त्यांच्या खिशात तसं तीन प्रतींतलं पत्र होतं. त्यांनी पत्र चाचपलं आणि सायकल घाटाकडे वळवली.

नऊ किलोमीटरना त्यांना तीन तास लागले. दोन वळणं त्यांनी उतरून, सायकल हाताने ढकलत पार केली. एका ठिकाणी गुडघ्याने जागच्या जागी असहकार पुकारला, तेव्हा ते दगडावर बसून डॉक्टरांना, सचिवांना आणि स्वतःला शिव्या देत राहिले. मग पुन्हा चढले. पाणी कॉलरमधून शिरून बुटांतून बाहेर पडत होतं. इतके ओले आणि इतके खूश ते कित्येक वर्षांत झाले नव्हते.

ग्रंथपालांनी स्वेटर घालून दार उघडलं. मंडळाचं नाव ऐकून ते चकित झाले. “मी सहा वर्षांपूर्वीच राजीनामा पाठवला होता,” ते म्हणाले.

घड्याळजींनी यादीतला बारीक अक्षरांतला शेरा वाचला. “तो विचाराधीन आहे.”

ग्रंथपाल हसले, त्यांनी गरम चहा दिला आणि घराच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. घड्याळजी तिकडे गेले. तळं काठोकाठ भरलं होतं, आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी एका पांढऱ्या पट्टीत खाली सांडत होतं. आवाज इतका होता की मनातलं काही ऐकू येत नव्हतं. घड्याळजी चटकन मागे वळून म्हणाले, “अगं, बघ.”

मागे कोणी नव्हतं. पुच्छप्रमुख म्हणून ही स्थिती नियमाला धरूनच होती. तरी त्यांना थोडं चुकल्यासारखं झालं.

इकडे फाटकाशी सकाळी नऊलाच सचिवांनी सफर यशस्वीरीत्या संपन्न झाल्याचं जाहीर केलं. नेमका तेव्हाच गावातला पाऊस थांबला, घाटावरचा नाही, आणि फोटोसाठी सगळे कोरडे दिसायला लागले, म्हणून बागेच्या माळ्याकडून झारी मागवून सातही जणांच्या डोक्यावर पाणी घालण्यात आलं.

संध्याकाळी घड्याळजी घरी पोचले तेव्हा बायको मशीनवरच होती. तिने टॉवेल दिला, गुडघ्याला शेकायला पाणी तापत ठेवलं, आणि मग विचारलं, “एकटेच गेलात ना?”

“मंडळाबरोबर गेलो होतो,” घड्याळजी म्हणाले. “पत्र आहे.”

“गट म्हणजे किती माणसं लागतात हो?”

“नियमात आकडा नाही.”

“मग दोन चालली असती,” ती म्हणाली, आणि तिने मशीन पुन्हा सुरू केलं.

घड्याळजींनी नकळत वर पोटमाळ्याकडे पाहिलं. माळ्यावर तिची सायकल होती. लग्नानंतर पाचेक वर्षं ती रोज चालवायची. मग मागची ट्यूब गेली. घड्याळजी म्हणाले होते की करतो, जरा हातातलं काम संपू दे, तू आज हो पुढे बसने. त्याला अकरा वर्षं झाली होती. गावातली सगळी बंद घड्याळं चालू करणाऱ्या माणसाच्या हातातलं काम अकरा वर्षांत संपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी आरोपपत्र इस्पितळात पोचलं. सोबत मंडळाने फुलांचा गुच्छ मागून येत असल्याचं कळवलं होतं.

आरोप गंभीर होता: ‘एकाच दिवशी, एकाच दिशेने, सत्तेचाळीस सभासदांना मागे टाकणे.’ घड्याळजी काठी घेऊन चालायला लागले तेव्हा, पाऊस संपता संपता, चौकशी झाली. जागा तीच, दवाखान्याची बाहेरची खोली. घड्याळजींनी बचावात फक्त यादी पुढे केली. प्रत्येक सभासदाने स्वतःच्या तोंडाने ‘तुम्ही व्हा पुढे’ असं सांगितल्याची नोंद वेळेसह होती. घड्याळजींच्या वेळेत चूक काढण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. चाळीस जणांनी सांगितलं पुढे व्हा, म्हणून मी पुढे झालो, ते म्हणाले.

मग सचिव समजुतीच्या सुरात म्हणाले, “घड्याळजी, तसं म्हणायचं असतं. ते ऐकायचं नसतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. घड्याळजी दोषी ठरले आणि त्यांची हकालपट्टी करण्याचा ठराव आला. पण वकीलबाईंनी हरकत घेतली. काढून टाकणं म्हणजे मागे सोडणं, आणि नियम क्रमांक एक त्याला आड येतो. राजीनामा देतो म्हटलं, तर ग्रंथपालांचा अजून विचाराधीन होता. शेवटी मंडळाने त्यांना क्षमा करून अहवालात एक ओळ घातली: ‘यंदाच्या सफरीत सभासदांनी एकूण एकसष्ट किलोमीटर सायकल चालवली.’ ते एकसष्ट किलोमीटर घड्याळजींचे होते.

त्या संध्याकाळी घड्याळजींनी शेजाऱ्याला हाक मारून माळ्यावरची सायकल खाली काढून घेतली. स्टुलावर पाय ताणून त्यांनी मागचं चाक सोडवलं. ट्यूब हातात घेतली तर तिचा भुगा झाला. नवी ट्यूब घातली, ब्रेक आवळले, घंटी पुसली. सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं लागली. त्यांनी वेळ लावूनच पाहिला होता, आणि तो आकडा बघून त्यांना स्वतःची लाज वाटली.

बायकोने सायकलवरून गल्लीत एक फेरी मारली. खाली उतरून ती म्हणाली, “आता तळ्यावरचं पाणी आटलं असेल ना? असू दे. पुढच्या पावसाळ्यात जाऊन येईन मी.” ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. जाऊन येईन, असं ती म्हणाली. जाऊ, असं म्हणाली नाही. चढ आता घड्याळजींना कायमचा बंद होता, आणि ते तिच्या लक्षात होतं.

मंडळाची मात्र भरभराट झाली आहे. एकाही सायकलला चिखल न लागता पार पडलेल्या सफरीची कीर्ती पसरली आणि सचिवांनी घटनादुरुस्ती केली. ज्या व्यक्तीने आयुष्यात एकदा जरी आपल्या माणसाला ‘तू हो पुढे, मी आलोच’ असं सांगितलं असेल आणि मग ती गेली नसेल, ती व्यक्ती आता मंडळाची पदसिद्ध सभासद समजली जाते. अर्जाची गरज नाही, सायकलचीही नाही. यादी बागेच्या फाटकावर लावली आहे, वर्णानुक्रमे. तुमचं नाव शोधायला फार वेळ लागणार नाही. ते खोडून हवं असेल तर रविवारी सकाळी सहाला, ज्याला तसं म्हणाला होतात त्या माणसाला घेऊन, प्रत्यक्ष हजर राहायचं आहे. सचिव सांगतात की आजवर एकाही नावाला हरकत आलेली नाही. मात्र हरकत घेऊन मागून येतो, असे निरोप रोज येत असतात.

दर रविवारी फाटकाशी दोघंच असतात. ती एक पाय टेकवून घंटी वाजवत असते, ते काठी कॅरिअरला बांधत असतात, आणि मग दोघं सपाटीच्या रस्त्याने निघतात. निघण्याआधी घड्याळजी तुमच्यासाठी पाच मिनिटं थांबतात. त्यांचं घड्याळ बरोबर असतं.